पिसांची वळकटी

हिमालय माणसाला आयुष्यात एकदा बोलावतोच, असं आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर वर्गात सांगत. त्यांना ते बोलावणं निवृत्तीनंतर आलं. त्यात गुडघ्यांचा विचार केलेला नव्हता.

सरांना तुम्ही पाहिलं असतं तर त्यांचा उजवा तळहात लक्षात राहिला असता. कुठलीही वस्तू ते त्यावर ठेवत, डोळे बारीक करून दोनदा वर-खाली करत आणि मगच मत देत. वांगी, लग्नपत्रिका, कुणाचं नवं घड्याळ, काहीही. मी धारूरला त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. नवं पुस्तक सर उघडण्याआधी तोलत. "जड हाय," म्हणत, "पण जड म्हंजी उबदार न्हाई." बऱ्याच प्रस्तावनांबद्दल मला याहून अचूक अभिप्राय अजून मिळालेला नाही.

त्यांच्या निरोप समारंभाला आलेल्या पुढाऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर जाडजूड शाल घातली आणि ते गुरूच्या ऋणावर इतकं बोलले की चहा पुन्हा गरम करावा लागला. सरांनी व्यासपीठावरच शालीचं टोक तळहातावर घेतलं आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. शालीबद्दल की भाषणाबद्दल, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर महिनाभरात त्यांनी जाहीर केलं की येत्या उन्हाळ्यात एका गटाबरोबर हिमालयात पायी जायचं.

"जन्मभर पोरान्ला नकाशावर दाखविला," मला म्हणाले. "न बघताच मेलो तर काय म्हणायचं?"

वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, त्यांच्या गुडघ्यांची जास्त माहिती होती. "सगळं सामान पाठीवर घेऊन आपला किल्ला चढून दाखवा," त्या म्हणाल्या. "चढलात तर जावा. न्हाई तर पुन्ना त्या हिमालयाचं नाव काढायचं न्हाई."

आमच्या भागात घर सोडताना माणूस आधी वळकटी बांधतो. ऊसतोडीला जाणारा असो की पोरीच्या गावाला, पांघरूण आपलं हवं. सरांनी वहिनींच्याच हातची, जुन्या लुगड्यांची गोधडी बांधली आणि निघाले. किल्ल्याच्या दरवाजापर्यंत गोधडी सरांच्या पाठीवर होती. त्यानंतर सर गोधडीवर होते.

"गोधडी बी तिच्याच बाजूची निघाली," ते गुडघा चोळत म्हणाले.

मग ग्रंथालयाच्या संगणकावर शोध सुरू झाला. पिसं भरलेली झोपायची पिशवी हलकी, पण भिजली की गोळा होते. कृत्रिम धाग्याची भिजली तरी चालते, पण जड. मराठीचे प्राध्यापक वाटेवरून जाता जाता आत आले आणि निसर्ग विरुद्ध कृत्रिमता या विषयावर उभ्यानेच बोलून गेले. सरांनी ते जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग मला विचारलं,

"बदक जन्मभर पाण्यात ऱ्हातंय. कुडकुडताना बगितलंय का तुमी?"

"सर, बदकाच्या अंगाला तेल असतं."

"मग आमी खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद घालू."

पिसं ठरली. पण वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ. "बदकाची पिसं? माझ्या घरात?"

"अगं, खात न्हाई, पांघरतोय."

हा युक्तिवाद टिकला नाही, म्हणून पार्सल माझ्या पत्त्यावर आलं. दुधी भोपळ्याएवढं गाठोडं. सोडलं तसं फुगत फुगत माझी अर्धी खाट व्यापून बसलं. सरांनी ते पुन्हा दाबून भरलं, तळहातावर घेतलं आणि या वेळी डोळे पूर्ण मिटले. "हलकी हाय," म्हणाले. नातवंड पहिल्यांदा हातात घेतल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

पण वस्तू वापरून बघितल्याशिवाय ते मानत नसत, आणि एप्रिलात बीड जिल्ह्यात थंडी आणायची कुठून? चौसाळ्याला त्यांचा एक विद्यार्थी दूध शीतकरण केंद्र बघायचा. त्याच्या थंड खोलीत, दुधाच्या क्रेटच्या दोन रांगांमध्ये, सर पिशवीत शिरले आणि नाकापर्यंत चेन ओढली. बाहेर आम्ही दोघं घाम पुसत उभे.

बराच वेळ झाला तसा तो घाबरला. दार उघडून ओरडला, "सर, बाहेर या! टँकर आलाय!"

जवळ गेलो तर सर घोरत होते. हलवल्यावर एक डोळा उघडून म्हणाले, "कशाला उठविता रे? आत्ता कुठं लागली होती."

दुसऱ्या रविवारी सगळं सामान आणि ती पिशवी पाठीवर घेऊन ते किल्ला चढले. वरच्या बुरुजावरून त्यांनी हात हलवला. खाली उभ्या वहिनींनी पदर डोळ्यांवर धरला. उन्हासाठी, असं त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या लुगड्याची खोळ शिवून पिशवीवर चढवली. "पिसं दिसाय नकोत," एवढंच बोलल्या.

सर गेले, हिमालय बघून आले. कसा होता, असं सगळ्यांनी विचारलं. "लई मोठा हाय," ते म्हणत. "पण मिजास न्हाई." मला मात्र ग्रंथालयात गाठून हळूच आणखी एक गोष्ट सांगितली, आणि घरी बोलू नका म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात सर वारले. भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी कपाटातून लुगड्याच्या खोळीतलं ते गाठोडं काढून माझ्या हातात दिलं.

"ही होती म्हणून त्यान्ला हिमालय दिसला, भाऊजी."

मी ते तळहातावर घेतलं, दोनदा वर-खाली केलं आणि म्हणालो, "हो, वहिनी."

सरांनी ग्रंथालयात सांगितलेली गोष्ट एवढीच होती: तिकडे हिमालयात मुक्कामाच्या प्रत्येक तंबूत झोपायच्या पिशव्या आधीच ठेवलेल्या असतात. त्या कुणालाही वाहून न्याव्या लागत नाहीत.