एका मुक्कामाचं माहेर

माझ्या रागाला आई गवताचा जाळ म्हणायची. भपकन पेटतो आणि हातावर चटका बसायच्या आत विझतो. त्या दिवशी दिवेलागणीला बीडच्या धर्मशाळेच्या दारात तो असाच पेटला होता.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेन. नवऱ्यानं टाकून दोन वर्षं झाली होती. वडील वारलेले, भाऊ नाही, म्हणून आई आणि मी वडवणीला मामांच्या घरी. तिथं पोटभर जेवायला मिळायचं, पण प्रत्येक भाकरीबरोबर एक टोमणाही ताटात पडायचा. वडील पटवाऱ्याकडे लिहिण्याचं काम करत. त्यांनी हौसेनं मला मराठी आणि उर्दू, दोन्ही लिहायला-वाचायला शिकवलं होतं. निजामाच्या राज्यात तेवढ्या भांडवलावर मुलींच्या शाळेत उस्तानी, म्हणजे मास्तरीण, होता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बीडला शाळाखात्याच्या साहेबांपुढे वाचून दाखवायचं होतं. नाही पोचलं तर जागा दुसरीला. मामा म्हणाले, "जायचं तर जा. सोबत कोनी येनार न्हाई." मीही हट्टाला पेटले. ओळखीच्या एका गाडीत बसून दिवसभर हाडं खिळखिळी करून घेतली. गाडीवानानं मला वेशीत उतरवलं आणि तो आपल्या वाटेनं निघून गेला.

ती धर्मशाळा एका लिंगायत वाण्यानं बांधलेली होती. मध्ये फरसबंद चौक, कडेनं ओवऱ्या, कोपऱ्यात आड, आणि प्रत्येक ओवरीपुढे तीन दगडांची चूल, आधीच्या मुक्कामकऱ्यांनी काळी करून ठेवलेली. आपलं सरपण, आपलं पीठ, आणि पाठ टेकायला हातभर जागा. ओल्या दगडाचा आणि गोवऱ्यांच्या धुराचा तो वास मला अजून आवडतो. पुढे चांगल्या घरांतून पाहुणचार घेतला, पण मन रमलं ते असल्याच जागी.

आडावर माझ्याच वयाची एक बाई पाणी ओढत होती. लिंगायत होती, युसूफ वडगावहून सासूबरोबर देवदर्शनाला आली होती. मी एकटी दिसले तशी तिनं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगायला सोपं जातं. ती म्हणाली, "लई धीराची हायेस गं."

एवढ्यात धर्मशाळेचे राखणदार आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. माझं गाठोडं पाहून त्यांनी विचारलं, "सोबत कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग जागा न्हाई. एकट्या बाईला हितं ठिवत न्हाई."

"का म्हणून? मी काय चोर आहे? इथं गाय एकटी आली तर बांधून घ्याल, आणि बाईला वेशीबाहेर काढता?"

चौकातले लोक चुलीवरचं सोडून बघायला लागले. आप्पा काही वाईट नव्हते. मागे अशीच एकटी आलेली एक सून घरातून पळालेली निघाली, तिच्या माणसांनी येऊन आप्पांची पगडी उडवली होती. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आणखी दोन शब्द वाढवले, आणि मग राग विझला. मागे उरली नुसती भीती. अंधारून येत होतं आणि गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

"आप्पा, आमची हाय ती," आडावरची बाई घागर टेकवत म्हणाली. "नणंद हाय माझी. मागून आली."

आप्पांनी मला विचारलं, "खरं हाय का?"

इतकं बोलणारी मी, पण तेवढं एक खोटं काही तोंडातून निघेना. आप्पा माझ्या गळ्याकडे बघू लागले. लिंगायताच्या गळ्यात लिंग असतं. आम्ही कुणबी, माझ्या गळ्यात कुठलं? मी पदर ओढून घेतला. तेव्हा ते ओवरीकडे वळले.

तिथं तिची सासू पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, डोळे अर्धे मिटलेले. पूजा होईपर्यंत बोलायचं नाही हा नेम, आणि लिंग हातात असताना खोटं तर नाहीच नाही. लिंगायत आईला आवा म्हणतात. आप्पांनी लांबूनच हात जोडून विचारलं, "आवा, ही लेक हाय का तुमची?"

म्हातारीनं डोळे उघडले. माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी गाठोडं उचलायला वाकले. तेवढ्यात तिनं बोटानं मला जवळ बोलावलं. मी पुढ्यात बसले. तिनं उजव्या हाताची तीन बोटं विभूतीत बुडवून माझ्या कपाळावर ओढली आणि पुन्हा डोळे मिटले. आप्पा पुन्हा हात जोडून निघून गेले.

पूजा आटोपल्यावर तिनं पहिली भाकरी मला वाढली. म्हणाली, "देवापुढं तुला लेक केलीय, आता खोटं हू देऊ नगं. पंचमीला माहेरी ये."

सकाळी कपाळावर तशीच विभूती घेऊन मी साहेबांपुढे वाचलं. जागा मिळाली. आईला मी बीडला घेऊन आले.

पंचमीला मात्र गेले नाही. पहिल्या वर्षी नवी नोकरी होती. दुसऱ्या वर्षी वाटलं, रस्त्यातलं बोलणं, कोण लक्षात ठेवतं? मग लाज वाटू लागली, आणि लाज जुनी झाली की पाऊल अजूनच जड होतं. नऊ-दहा वर्षांनी केजला शाळेच्या कामानं गेले, तेव्हा कुठं गाडी वडगावकडे वळवली.

दारात आडावरची तीच बाई होती. अंगानं भरलेली, पण मला पाहताच ओळखलं. "या वन्सं," म्हणाली आणि नवऱ्याला हाक मारली. तिचा नवरा बाहेर आला. त्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "आक्का, लई उशीर केलास. आवा गेली गं."

भावजयीनं पेटीतून चोळीच्या खणांची चळत काढून माझ्या मांडीवर ठेवली. दर पंचमीचा एक. "आमी म्हनायचो, ती कशाची येतीय. तर आवा म्हनायच्या, रागीट हाय माजी लेक, पर यील."

शेजारची एक बाई दारात डोकावली. "कोन गं ह्या?"

भावजय तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणाले, "लेक हाय ह्या घरची." आणि उंबऱ्यात बसून, आई गेल्यावर पहिल्यांदा माहेरी आलेली लेक रडते तशी, मोठ्यानं रडले.