खोली मी बदलली होती

तुळजापुरात आमचा लॉज आहे. लग्नानंतर भांडून-तंडून मी त्याचं काउंटर मिळवलं. बाई काउंटरला बसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हा सासऱ्यांचा प्रश्न; गिऱ्हाइकाला खोलीशी मतलब, हे माझं उत्तर. धाराशिवच्या एका प्रोग्रामरकडून बुकिंगचं सॉफ्टवेअर करून घेतलं आणि ते मी एकटीनं चालवलं. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एक खुर्ची होती.

एका सोमवारी संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या दिवशी दर्शनाला येणाऱ्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून वरच्या मजल्याऐवजी खालची खोली हवी होती. मी त्यांचं बुकिंग उघडलं, खोली बदलली, पडद्यावर नवा नंबर नीट दिसला. मग कॉम्प्युटर बंद करून स्वयंपाकाला गेले.

मंगळवारी ही गर्दी. पडद्यावर खालची खोली रिकामी दिसते म्हणून सासऱ्यांनी सकाळीच ती दुसऱ्यांना देऊन टाकली. आजी आल्या तेव्हा त्यांच्या नावावर वरचीच खोली, आणि लॉज भरलेला. त्यांच्या दोघा मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं उचलून नेलं. आजींनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"मी बदलली होती खोली, मामा," मी म्हणाले. सासऱ्यांना मी मामा म्हणते.

"मग काय मशीन खोटं बोलतंय व्हय?" ते कडाडले.

गिऱ्हाइकं टकामका बघत होती. माझं मलाच वाटायला लागलं, राहिलं असेल काहीतरी दाबायचं. विषय संपावा म्हणून मी म्हणून टाकलं, "चुकलं माझं." त्या दिवसापासून काउंटरवर दीर बसू लागले आणि माझ्या वाट्याला चादरी-अभ्रे आले.

यंदा दिरांच्या हातून तसंच झालं. आपलं काही चुकू शकतं, हे त्यांच्या गावीही नसतं. त्यांनी तडक प्रोग्रामरला बोलावून घेतलं.

त्यानं प्रोग्राम उघडला, बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. डेटाबेसमधली नोंद प्रोग्राम आधी स्वतःच्या मेमरीत उचलून घेतो. तिला ते लोक एंटिटी म्हणतात. बदल आधी तिच्यात होतो आणि पडद्यावर दिसते ती तीच. तो बदल डेटाबेसमध्ये पक्का उतरायला ट्रान्झॅक्शन, म्हणजे नोंद कायम करायचा व्यवहार लागतो, आणि खोली बदलायच्या बटणामागे ते सुरू करायचंच त्याच्याकडून राहून गेलं होतं. मग एरवी कसं चालत होतं? तर पुढचं बुकिंग घेतलं की त्याच्या ट्रान्झॅक्शनबरोबर हा लटकलेला बदलही उतरून जायचा. गर्दीच्या दिवशी कुणाला पत्ताच लागला नाही. त्या सोमवारी माझ्यामागून बुकिंग आलं नाही, मी कॉम्प्युटर बंद केला आणि बदल गेला. मशीननं चूं की चां केलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि रागही आला. मधल्या काळात अजून कुणाकुणाला उगाच जिने चढावे लागले असतील, कुणास ठाऊक.

मामांना चहा द्यायला गेले तेव्हा म्हटलं, "ऐकलंत ना? माझं चुकलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मग तवा चुकलं म्हणून का म्हणलीस?"

"तुमी लई वरडत होता."

"म्या समद्यांवरच वरडतो." त्यांनी कप खाली ठेवला. आवाज अगदी बारीक झाला होता. "तू न्हाय म्हणून ठाम ऱ्हायली असतीस तर त्या प्रोग्रामर पोराला म्या तवाच बोलावला असता. तू चुकलं म्हणलीस. म्या तुझं खरं मानलं."