कूलरच्या आवाजात एम.ए.

मे महिन्यात नागपुरात कूलर सुरू झाला की आमच्या घरातले सगळेच बहिरे होतात. मी जन्मापासूनच बहिरी असल्यामुळे मला फरक पडत नाही. बाकीच्यांच्या गळ्याच्या शिरा फुगतात आणि माझी फुकटात करमणूक होते.

बी.ए. झाल्यावर मला पुण्याला एम.ए. करायचं होतं. माझ्या जुळ्या भावाला चांगलं ऐकू येतं. तो बी.कॉम. झाला होता आणि एम.बी.ए.ला जाणार हे घरात ठरलेलंच होतं. प्रश्न फक्त माझा होता. तो सोडवायला काका आणि आत्या एका दुपारी भरपेट जेवून कूलरसमोर बसले. आई आधीपासून माझ्या बाजूने होती, त्यामुळे तिचं मत कोणी विचारलं नाही.

काका बोलायचे, आत्या कानाशी हात नेऊन "काय? काय?" करायची. कूलर बंद केला की सगळे घामाघूम, सुरू केला की कोणाचं कोणाला कळेना. चारदा बंद-चालू झाल्यावर माझं डोकं फिरलं. मी वही काढली, "मी एम.ए. काहून करू नये? कारण लिहा" असं लिहिलं आणि काकांच्या मांडीवर आपटली.

काका बोलायला लागले की तासभर आटोपत नाहीत. पेन हातात आल्यावर मात्र त्यांनी चष्मा मागवला, तो पुसला आणि लिहिलं, "विचार करावा लागन." आत्याने लिहिलं, "पोरीच्या जातीले एवढं शिकून काय करायचं?" मग तिला आठवलं की तिचीच पोरगी पीएच.डी. करते आहे. तिने ते खोडलं आणि खाली लिहिलं, "तिथलं पाणी तुले मानवन का वं?"

एवढ्यात भावाने वही ओढली. "मले एम.बी.ए. नाही करायचं. दोन वर्षांपासून सांगून राहिलो. कोणी ऐकतच नाही." काकांनी ते तीनदा वाचलं. आपल्या घरात निदान कान असलेल्यांचं तरी ऐकतात, हा माझा समज त्या दिवशी गेला.

वही शेवटी बाबांकडे आली. त्यांनी ती मिटून ठेवली. बाबा आणि मी हातांनी बोलतो. त्यातल्या अर्ध्या खुणा आमच्या आम्हीच केलेल्या आहेत. त्या खुणांनी आम्ही भांडतो, काकांची नक्कल करतो. इतरांशी बाबा दोन शब्दांच्या पुढे जात नाहीत.

"वर्गात समजेल तुला?" त्यांनी हातांनी विचारलं.

"इथे तरी कुठे समजत होतं? मैत्रिणीच्या वह्यांवर बी.ए. झाले."

ते हसले. मग त्यांनी विचारलं, "तू गेल्यावर मी कोणाशी बोलू?"

काका "काय म्हणाला? काय म्हणाला?" विचारत राहिले. मला रडू आलं आणि बाबांचा रागही आला. बाकी सगळी कारणं मी चुटकीसरशी उडवली असती. हे एकच मला उडवता येईना.

दोन दिवस मी अर्ज उघडला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा सदर बाजारातल्या आपल्या दुकानात गेलेच नाहीत. अर्ज उघडलेला फोन माझ्या हातात देऊन शेजारी बसले. शेवटचा रकाना भरून होईपर्यंत त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.