मास्तरांची न सरणारी सर्दी

"काकू, सरांना व्यसन लागलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला फस्सकन हसू आलं.

हसू नको तर काय करू? आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा मिळायचं नाही. आमचे मास्तर शाळेत शिकवतात आणि रविवारी बेलापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत पेटी वाजवत गायन चालवतात. गावात दारूबंदीची सभा झाली तेव्हा ह्यांनीच भाषण ठोकलं होतं. आणि नगरला येऊन ऐकायचं काय, तर व्यसन! मास्तर शेजारी शाल गुंडाळून कुडकुडत होते. त्यांनाही पटेना.

बाईंनी टेबलावरची खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली. "ह्याचं," म्हणाल्या. घरातली सगळी औषधं घेऊन या असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून ती मीच पिशवीत भरून आणली होती.

"औषधाचं व्यसन लागतंय व्हय?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

लागतं, बाबांनो. तुमच्याही घरात अशी एखादी बाटली असेल, म्हणून सांगते.

मास्तरांना एकदा खरोखरच मोठा खोकला झाला होता. डॉक्टरांनी थोडे दिवस औषध दिलं. खोकला गेला, बाटली राहिली. गाण्याआधी चमचाभर घेतलं की घसा सुटतो, असं ह्यांच्या मनानं घेतलं. चमच्याचं टोपण झालं, टोपणाचे घोट झाले. मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवून मीच आणायची.

बाटली संपली की ह्यांचं नाक गळायचं, जांभयांवर जांभया यायच्या, अंग मोडून यायचं. मी म्हणायची, घ्या, उलटली सर्दी! लगेच नवी बाटली फोडायची. थोड्या वेळात माणूस ताजातवाना. काय गुणकारी औषध आहे म्हणून मी शेजारणींनाही सांगत सुटले होते. माझ्या अकलेचे दिवे!

मग शाळेच्या कामासाठी मास्तर अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेले. जीपच्या हिसक्यांत बॅगेतली बाटली फुटली. दुसऱ्याच दिवशी जुलाब, पोटात मुरडा, अंगावर काटा, डोळ्याला डोळा नाही. घरी आणून सलाइन लावलं, पोट बिघडलंय म्हणून खोकल्याचं औषध मी बंदच ठेवलं, तरी उतार पडेना. म्हणून नगर गाठलं. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, सगळं झालं. बाकड्यावर बसून मी देवाला नाही नाही ती वचनं दिली. रिपोर्ट मात्र सगळे चांगले आले.

बाईंनी नीट समजावलं. त्या औषधात कोडीन होतं, म्हणजे अफूच्या जातीचं द्रव्य. ह्याला 'ओपिऑइड डिपेंडन्स' म्हणतात, म्हणजे शरीराचं त्यावाचून अडायला लागतं. आणि ते बंद झाल्यावर जो त्रास होतो तो 'विड्रॉवल'. "काकू, तुम्ही ज्याला सर्दी म्हणत होता ना, तेव्हा शरीर औषध मागत होतं," त्या म्हणाल्या. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

मग त्यांनी मास्तरांना विचारलं, पूर्वीच्या मापात भागतं का? घेतल्याशिवाय कामाला हात लागतो का? कुणापासून लपवून ठेवता का? ह्या शेवटच्या प्रश्नाला मास्तरांनी खाली बघत कबुली दिली. पेटीच्या खोक्यात दोन बाटल्या होत्या म्हणे. ते खोकं रोज मी पुसते! अस्सा राग आला मला.

पण मग मास्तरांनी हळूच विचारलं, "हे सुटल्यावर मला गाता येईल का?" आणि माझा राग विरघळला. त्यांना भीती होती ती एवढीच. गळा गेला तर मंडळीत तोंड कसं दाखवायचं?

बाई खोटं बोलल्या नाहीत. "ते आज सांगता येणार नाही. पण हे चालू ठेवलंत, तर गाणंच काय, शाळाही सुटेल."

मास्तर ॲडमिट झाले. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, कबूल. त्रास कमी करायच्या गोळ्या होत्या, त्या हळूहळू उतरवल्या. गप्पा मारून धीर देणारे समुपदेशक यायचे. एका सकाळी वॉर्डातला माणूस गुणगुणत झाडू मारत होता. मास्तरांनी उठून त्याला सांगितलं की दुसरा सूर चढा लागतोय. मी ओळखलं, माणूस ताळ्यावर येतोय.

घरी आल्यावर मात्र गाण्याचं नाव नाही. पेटी उघडायचे, झाकायचे. नाताळच्या उपासनेला चर्चच्या पाळकांनी पेटीवर बोलावलं, तेव्हा जा म्हणायला मीच कचरले.

पहिल्याच गीताला वरच्या सुरावर आवाज फाटला. मास्तर थांबले. मी पदर तोंडाशी धरला. आता हे उठणार आणि परत कधी पेटीला हात लावणार नाहीत, असं वाटलं.

मास्तरांनी मान वर केली आणि सरळ सांगितलं, "माझा आवाज तिथवर जात न्हाई आता. खालच्या पट्टीत घेऊ या."

आणि अख्खी मंडळी खालच्या पट्टीत गायली.