गुळ्या आणि आमच्या घरची अब्रू

कुत्रं पाळलं की घरात केस साठतात, असं सगळे सांगतात. किस्से साठतात हे कुणी सांगत नाही. केस निदान झाडून तरी काढता येतात. हॉस्टेलच्या मेसमध्ये मी आमच्या घरचं सांगायला लागले की मैत्रिणींना ठसका लागतो, आणि सांगता सांगता माझेच कान गरम होतात. एकाही किश्श्यात आमच्या घरच्यांची मान वर नाही. वर असते ती फक्त गुळ्याची शेपटी.

गुळ्या म्हणजे आमचा गोल्डन रिट्रीव्हर. रंगावरून मम्मीनं ठेवलेलं नाव. आम्ही लातूरचे. पप्पांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. मम्मी आणि आज्जा, म्हणजे पप्पांचे वडील, दिवसभर घरी. मी तेव्हा अकरावीला होते, पहाटे क्लासला जायचे ते दिवेलागणीला परत. कुत्रं पाहिजे म्हणून मी लहानपणापासून मागे लागलेली. शेवटी पप्पा तयार झाले, पण अटीवर. "आणू. पर अभ्यासावर परिणाम झाला की कुत्रं परत." मी विचार न करता हो म्हणाले.

*

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला एक मॅडम राहतात, कॉलेजातून रिटायर झालेल्या. त्यांच्याकडे दोन-तीन वर्षांतून एकदा पिल्लं होतात आणि ती कुणाला द्यायची हे त्या ठरवतात. पप्पांना हे माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक दारात आलंय, माल दाखवतील.

मॅडमनी पिल्लं दाखवलीच नाहीत. आधी पिल्लांची आई दाखवली, तिच्या कमरेच्या हाडांचे एक्स-रे दाखवले, डोळ्यांचा रिपोर्ट दाखवला. मग आम्हाला बसवून विचारायला सुरुवात. घर स्वतःचं का? दिवसभर घरी कोण असतं? उन्हाळ्यात कूलर कुठल्या खोलीत? टँकर आला नाही तर याच्या पाण्याचं काय?

पप्पांनी काय करावं? खिशातून फोन काढला, ओळखीच्या एका नगरसेवकाला लावला आणि मॅडमच्या हातात दिला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो साहेब, आपणही या ना. आपल्याला पिल्लू हवं असेल तर आपल्यालाही हेच विचारीन."

पप्पा तरी गप्प बसायला नकोत? म्हणाले, "मॅडम, पोरगी देताना बी लोकं येवढं विचारत न्हाईत."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "वर्ग सुटल्यावर त्या पोरी माझ्यापाशी येऊन रडायच्या."

दुसऱ्या खेपेला पिल्लू मिळालं. सोबत मॅडमच्या अक्षरातला एक कागद. कधीही, कुठल्याही कारणानं जमलं नाही तर याला दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, मला फोन करायचा, मी स्वतः येऊन नेईन. मला पप्पांची अट आठवली. पप्पा खूश झाले. "बघ," मला म्हणाले, "गॅरंटी हाय."

*

आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि मॅडमनी बजावून सांगितलेलं, याला नुसत्या दहीभातावर वाढवायचं नाही, याच्या खाण्यात कोंबडी असतेच. मम्मीनं मध्यम मार्ग काढला. त्याच्या तयार खाण्याचं पाकीट बाहेरच फोडायचं, दाणे स्टीलच्या डब्यात ओतायचे, डबा व्हरांड्यात ठेवायचा आणि पाकीट लगेच कचऱ्यात. "वाचलंच न्हाई तर आपल्याला काय ठाव?" असं तिचं म्हणणं.

एकदा उदगीरचे मावसकाका आले. घराण्यातले सगळ्यात कडक. बाहेर जेवायचं तरी चारदा चौकशी करणारे. मम्मी चहा टाकायला आत गेली तेवढ्यात त्यांनी हाताशी होता तो डबा उघडला. आम्ही बाहेर आलो तर तोंड चालूच होतं.

"खारी कडक हाय," ते म्हणाले, "पर चव हाय."

मम्मी ट्रे धरून दारातच उभी. पप्पा पंख्याकडे बघायलेत. मी खाली मान घालून फरशी मोजत होते.

निघताना चप्पल घालता घालता काकांनी विचारलं, "बेकरी कुठली म्हनायची?"

पप्पा म्हणाले, "नांदेडची."

*

गुळ्याची भावंडं ज्या ज्या घरी गेली त्या सगळ्यांचा मॅडमनी एक ग्रुप केला होता. लस, जंत, कानाची साफसफाई, असलं विचारायला. लातूरच्या माणसाला ग्रुप दिला की तो काय करणार? पप्पांनी त्यातून निकाल काढायला सुरुवात केली.

"परभणीचं हात द्यायलंय," जेवताना सांगायचे. "हिंगोलीचं तर बॉल आणून द्यायलंय. आन आपलं? आपलं अजून बस म्हणलं तर झोपतंय."

मग गुळ्याचं टाइमटेबल तयार झालं. माझ्याच टाइमटेबलच्या शेजारी, फ्रिजवर. सकाळी 'बस', दुपारी 'थांब', संध्याकाळी उजळणी. इतकं करूनही पप्पांना चैन पडेना. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, सगळ्या पिल्लांत आपल्याचा नंबर कितवा धरायचा?"

मॅडमचं उत्तर आलं, "नंबर मी पिल्लं जन्मल्यावर वजन करताना घातले होते. डोळे उघडल्यावर पुसून टाकले."

परभणीवाल्यांनी त्यावर हसणारं तोंड टाकलं. पप्पांनी ग्रुप म्यूट केला. टाइमटेबलं मात्र दोन्ही तशीच राहिली.

*

आज्जांना कुत्रं घरात नकोच होतं. पण लहान पिल्लाला सारखं बाहेर न्यावं लागतं आणि घरी रिकामं माणूस एकच. मी त्यांच्या फोनवर अलार्म लावून दिला, माझ्याच आवाजात. "आज्जा, गुळ्याला शू."

आज्जा एका रविवारी मम्मीला घेऊन मठात प्रवचनाला गेले. महाराज बोलतायत, शे-दोनशे माणूस शांत बसलंय, आणि आज्जांच्या बंडीतून माझा आवाज. "आज्जा, गुळ्याला शू. आज्जा, गुळ्याला शू." त्यांना तो बंद करता येईना. शेजारी बसलेल्या मम्मीनं पदर तोंडावर घेतला.

आज्जा शांतपणे उठले, महाराजांना हात जोडले आणि म्हणाले, "येतो. लेकरू घरी एकटं हाय."

लोकांना वाटलं पणतू झाला. पुढं आठवडाभर मम्मीला अभिनंदनाचे फोन. माझं तर लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. ते समजावून सांगताना मम्मी रडकुंडीला आली.

*

त्र्याण्णवच्या भूकंपाचं आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आज्जांचं गाव त्यातच गेलं, तेव्हापासून ते दाराजवळ, बाहेरच्या खोलीतच झोपायचे. पप्पांनी त्यांना एवढंच पटवलं होतं की कुत्र्याला आधी कळतं, ते भुंकून उठवतं. त्या भरवशावर आज्जा बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत झोपायला आले.

एका सकाळी बारीकसा हादरा बसला. भांडी वाजली. सगळी गल्ली बाहेर. पप्पा टॉवेलवर, तोंडाला साबण. समोरच्या मुलांच्या हॉस्टेलची सगळी पोरं रस्त्यावर, त्यांच्या देखत. सगळे आले, गुळ्या नाही. मम्मी परत आत पळाली आणि त्याला दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेऊन आली. बाहेर आल्यावर त्यानं एक डोळा उघडला, जांभई दिली आणि परत मिटला.

आज्जा पप्पांना म्हणाले, "ह्येच्या जिवावर आत झोपवलंस व्हय मला?"

*

मग माझा 'नीट' परीक्षेचा निकाल आला.

पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नांदेडला फोन लावला. मॅडमनी कारण विचारलं नाही. "रविवारी येते," एवढंच म्हणाल्या.

रविवारी त्या स्वतः गाडी चालवत आल्या. मी गुळ्याचं ताट, पट्टा आणि चादर बांधून दारात उभी होते. कबूल मीच केलं होतं ना.

"पुढच्या घराला याच्यातली खोट सांगावी लागते," मॅडम पप्पांना म्हणाल्या. "चावतो का?"

"न्हाई."

"घरात घाण करतो?"

"न्हाई जी."

"मग काय झालं?"

पप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "हिला मार्क कमी पडले."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला माझ्या मार्कांची जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या क्षणी वाटली. मग दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. फिरायला न्यायलेत असं वाटून गुळ्या टुणकन आत जाऊन बसला.

भूकंपापासून आज्जांची एक पिशवी कायम भरलेली असते. एक धोतर, चष्मा, गोळ्या, विभूती. ती घेऊन आज्जा आतून आले. टोपी घातलेली. कुणाकडे न बघता गाडीशी गेले, गुळ्याला थोडं पलीकडं सरकवलं आणि त्याच्या शेजारी बसून पिशवी मांडीवर घेतली.

"चला मॅडम," म्हणाले. "मी सातवी नापास हाय."

मॅडम दार धरून तशाच उभ्या. मम्मी पायरीवर बसली. समोरच्या हॉस्टेलची पोरं गॅलरीत जमायला लागली. पप्पा गाडीजवळ गेले.

"अप्पा, उतरा. लोकं बघायलेत."

"बघू दे."

पप्पांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं. मग पप्पा आत वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, उतरा की."

आज्जांनी गुळ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आधी ह्येला म्हण."