"बातमीदार कोण हितं?"

कुणी धापा टाकत बातमी घेऊन छापखान्यात शिरलं, की ते मान वर करून आधी एकच विचारायचे, "तुमी सोता होता का तितं?" माणूस जरा अडखळला, की संपलं. "मग च्या घ्या आन् जावा." नवख्याला राग यायचा. आम्हाला सवय झाली होती.

सोलापुरातल्या एका साप्ताहिकात मी मुद्रितं तपासायचो आणि ते बातम्या आणायचे. करकंबकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, मराठी सातवी झालेले. बायकामुलं नव्हती. छापखान्यात सगळे त्यांना 'बातमीदार' म्हणत, आणि 'रावबहादूर' म्हटल्यासारखे ते त्या हाकेला वळत. राहायचे विणकरांच्या गल्लीत. जेवायला शेजारच्या तेलुगू म्हातारीकडे. तिला सगळे अव्वा म्हणत. गल्लीत मात्र यांचं नाव 'पेपरवाले'. संध्याकाळी माग थांबले, की ओट्यावर बसून ते मंडळींना पेपर वाचून दाखवत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जिथे आत सोडत नाहीत, नेमका तिथेच त्यांचा जीव अडकतो. यांचा अडकला होता कायदे कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात. पावसाळ्यात पुण्याला बैठक भरायची. वर्तमानपत्रांसाठी तिथे वेगळी गॅलरी होती, पण ती दैनिकांची. साप्ताहिकवाल्याने कुणा सभासदाची चिठ्ठी आणावी आणि प्रेक्षकांत बसावं. शिवाय प्रेक्षकाने काही लिहायचं नाही, असा नियम. पहिल्याच खेपेला पट्टेवाल्याने यांची पेन्सिल काढून घेतली.

मग यांनी काय करावं? प्रत्येक प्रश्नाला उपरण्याला एक गाठ मारली. सोलापूरला परत आले आणि गाठी सोडत सोडत मला मजकूर सांगू लागले. एका गाठीपाशी घोडं अडलं.

"मंत्री आटवतोय, पर उत्तर काय आटवंना."

"दिलंच नसेल," मी म्हणालो.

"तसंबी आसंल," ते म्हणाले, पण हसले नाहीत. तो सगळा मजकूर त्यांनी फाडून टाकला. आठवून लिहिलेलं ते ऐकीव समजत.

मग एकोणीसशे तीसचं ते मार्शल लॉचं साल आलं, शहर लष्कराच्या ताब्यात गेलं. धरपकड झाली. कुणीतरी आतून पोलिसांना नावं पुरवतंय, अशी कुजबुज गल्लोगल्ली होती. अव्वाचा मुलगा मिलमध्ये कामाला होता, तोही तुरुंगात गेला. पुण्याच्या बैठकीत या कैद्यांबद्दल प्रश्न विचारला जाणार, असं कळलं, तेव्हा म्हातारी यांना म्हणाली, "तुमी जाणार न्हवं? माज्या पोराचं काय म्हणत्यात, नीट ऐकून या."

आता गाठी मारून भागणार नव्हतं. यांनी पत्रकारांच्या गॅलरीचा पास मागितला. त्यासाठी संपादकांचं पत्र लागे आणि वर जिल्ह्याच्या कचेरीचा दाखला, की माणूस चांगल्या चालीचा आहे. कितीतरी हेलपाटे घातले तेव्हा कुठे तो दाखला तयार झाला, आणि तो घेऊन एक शिपाई, खातरजमा करायला, भर दुपारी गल्लीत आला. कागदावरचा शब्द त्याने खणखणीत वाचला.

"बातमीदार कोण हितं? कचेरीचा कागद हाय!"

माग थांबले. छापखान्यात त्या शब्दाचा अर्थ एक होता, गल्लीत दुसराच. तिथे बातमीदार म्हणजे पोलिसांना नावं देणारा, आणि असा माणूस कोण ते सगळे त्याच दिवसांत शोधत होते. त्यात हे पुढे झाले आणि म्हणाले, "मीच की." सही करून कागद घेतला. आनंदात होते बिचारे, त्यांना काही उमगलंच नाही.

त्या संध्याकाळी अव्वाने दार उघडलं नाही.

का ते कळलं, तेव्हा ते कचेरीत गेले आणि 'बातमीदार' खोडून 'वार्ताहर' लिहा म्हणाले. कारकून म्हणाला, "शब्द बदलला की दाखला नवा. दाखला नवा की चौकशी नवी. शिपाई पुन्हा पाठवू का?" हे तोच दाखला घेऊन परत आले.

मी म्हणालो, "जाऊ नका पुण्याला. पास घेऊन गेलात, तर लोकांना खरंच वाटेल."

"म्हातारीला सबूद दिलाय."

"ती तुमच्याशी बोलत नाही."

"ती बोलत न्हाय. म्या दिलेला सबूद हाय तितंच हाय की."

ते गेले. जन्मात पहिल्यांदा त्या गॅलरीत पेन्सिल घेऊन बसले. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालं. काही कैद्यांची शिक्षा कमी करण्याचा विचार आहे, असं सरकारतर्फे सांगितलं गेलं, नावं वाचली गेली आणि त्यांत अव्वाच्या मुलाचं नाव होतं. यांनी शब्दन् शब्द उतरवून आणला. एवढं स्वच्छ मुद्रित मी पुन्हा तपासलं नाही.

अंक हातात पडताच ते गल्लीत गेले आणि ओट्यावर उभे राहून वाचू लागले. ऐकायला कुणी आलं नाही. बंद दाराआडून कुणीतरी म्हणालं, "सायबाच्या पोटातलं ह्याला बरं ठावं आसतंय!" आणि दुसरं कुणी हसलं. यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली, मग अंकाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आपल्या भाषेत शब्दांची लई टंचाई हाय हो. दोन मानसं, शब्द येकच." मला फार वाईट वाटलं. पुढे त्यांचं बातमीत लक्ष लागेना. खोली सोडली, नोकरी सोडली आणि ते गावी निघून गेले.

अव्वाचा मुलगा सुटला. सुटल्यावर काही दिवसांनी म्हातारी त्याला घेऊन छापखान्यात आली. मला वाटलं, आता हिला सगळं कळलं. मी पुढे होऊन म्हणालो, "या अव्वा, बसा."

ती बसली नाही. "त्येंचं टेबल कुटलं?" तिने विचारलं. मी दाखवलं.

"ते नाहीत आता. गावी गेले."

"येतीन की कवातरी. त्येंना सांगा, पोरगं आता कुटंच जात न्हाय. मिल आन् घर. पुन्ना त्याचं नाव देऊ नका म्हनावं."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कौन्सिल, गॅलरी, पास, बातमी. ती मान हलवत राहिली, सायबापुढे हलवतात तशी. मग मुलाचा दंड धरून तिने त्याला टेबलापाशी नेलं, आणि दोघांनी त्या रिकाम्या खुर्चीला वाकून हात जोडले.