मांडीवरचा मुलगा कोण

आमच्या गावात कुणी एकट्या माणसाचा चेहरा आणि खाली नाव असा कागद छापायला माझ्या दुकानात आलं, तर तो कशासाठी हे विचारायची पद्धत नाही. माणूस गेलाय, हे उघड असतं. मी काळी चौकट घालतो, वर छोटा क्रूस, खाली ‘शोकाकुल: समस्त आप्तेष्ट’, आणि वीस प्रती काढतो. त्या फाटकावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर लागतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. डॅन्यूबकाठचं आमचं हे बल्गेरियातलं गाव आता इतकं ओस पडलंय की रस्त्यावर कमी आणि खांबांवर जास्त माणसं दिसतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे झाप्रियानकाकाच्या प्रकरणात माझ्या बायकोची चूक किती आणि गावाची किती, ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

झाप्रियान मुताफोव चौतीस वर्षं पोस्टात सॉर्टिंगला होता. समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा. एक पत्र, एक खण. ज्याचा पत्ता लागत नाही अशा पत्रांसाठी अगदी तळाशी एक खण असायचा, आणि चौतीस वर्षांत एकाही संध्याकाळी त्यात पत्र उरलं नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा. आम्ही पाठ फिरवली तर पाठीला सांगायचा.

गेल्या वसंतात त्याच्या मुलाने व्हॅलेन्सियाहून त्याला कॉम्प्युटर पाठवला. घरातले सगळे जुने फोटो त्याने आधीच त्यात भरून ठेवले होते. “बाबा, अकरा हजार फोटो आहेत. कोण कोण आहे ते नावं घालून ठेवा. इथे आमच्या पोरींना आजोबा कोण आणि खाटीक कोण ते कळत नाही.” कॉम्प्युटर जोडून द्यायला मी गेलो. त्यातला प्रोग्राम चेहरे आपले आपण शोधायचा, सारखे दिसणारे एका ढिगात घालायचा आणि विचारायचा, हे कोण? नाव लिहिलं की तो ढीग त्या माणसाचा. एका फोटोला हवी तेवढी नावं जोडता येतात, हे मी काकाला तीनदा समजावलं.

“पाच नावं?” काका म्हणाला. “एक पत्र पाच घरी टाकतात होय रे, ग्रोझ्दान?”

“काका, हे पत्र नाही. फोटो आहे. फोटोत पाच माणसं आहेत.”

“असतील. पण काढणाऱ्याने नेम एकावरच धरलेला असतो. त्याचा खण.”

झालं. त्याने लग्नाचा फोटो दाफिनाकाकूच्या खणात टाकला, कारण नेम नवरीवर होता. दाफिनाकाकू अंगणात मिरच्या भाजत होती, ती चिमट्यासकट आत आली. “म्हणजे लग्न मी एकटीनेच केलं का? तरीच! इतकी वर्षं मलाही तसंच वाटतंय.”

प्रोग्रामही काही कमी नव्हता. त्याने कोबी खारवायच्या पिंपात चेहरा शोधला आणि विचारलं, हे कोण? काकाने विचारलेल्याला उत्तर द्यायचंच या शिस्तीने लिहिलं, ‘कोबीचं पिंप’. जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर संत निकोलाची तसबीर आहे, ती प्रत्येक सणाच्या फोटोत येते. प्रोग्रामच्या हिशेबाने ह्या घरात सगळ्यात जास्त वावर त्याचा. चारशे अठरा फोटो. काकू दुसऱ्या नंबरवर होती आणि तिला ते लागलं होतं.

जूनपर्यंत अकरा हजारातले बहुतेक फोटो लागले. मग प्रोग्रामने एक ढीग पुढे केला, तीनशे फोटोंचा, आणि छातीठोकपणे सांगितलं: ही सगळी एकच व्यक्ती. ती एकच व्यक्ती म्हणजे लहानपणचा झाप्रियान आणि लहानपणचा स्तामेन.

स्तामेन त्याचा भाऊ. अकरा महिन्यांनी मोठा. भिंतीपलीकडे राहतो, आणि दोघं एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण शिडीवरून. बाप गेल्यावर सगळं नीट वाटलं गेलं, एक चौदा पायऱ्यांची शिडी उरली. कुणीच सोडेना, तेव्हा दोघांनी मिळून ती मधोमध करवतीने कापली. ते त्यांनी एकत्र केलेलं शेवटचं काम. वरचा तुकडा झाप्रियानकडे आला, खालचा स्तामेनकडे, आणि तेव्हापासून दोघांच्याही धुराड्याला हात लागलेला नाही. हिवाळ्यात दोन्ही घरं सारखीच खोकतात.

“मशीनला आम्ही दोघं एकच वाटतो,” काका मला म्हणाला. आवाजात असा अपमान, की जणू त्या मशीनने मुद्दाम भिंतीपलीकडे चौकशी केली होती.

पण मशीनचं चुकलं नव्हतं. दोघांचे केस बापाने एकच भांडं डोक्यावर पालथं घालून कापलेले, दोघांचे स्वेटर एकाच लोकरीचे. काका तीन महिने भिंग घेऊन बसला. ह्याचा दात पडलाय, म्हणजे स्तामेन. ह्याच्या गुडघ्याला पट्टी आहे, म्हणजे मी. असं करत त्याने दोनशे नव्व्याण्णव फोटो लावले. एक उरला.

त्या फोटोत त्यांची आई होती. वेलिका. झाप्रियान सहा वर्षांचा असताना ती गेली. तिचे सगळे मिळून नऊ फोटो, आणि आठांत ती पासपोर्टासाठी बसल्यासारखी ताठ. ह्या एकात ती पायरीवर बसलीय, मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा, आणि ती हसतेय. तोंडावर हात न घेता, डोळे बारीक करून. मुलगा मात्र गंभीर, तोंड मिटलेलं, गुडघे आईच्या ॲप्रनखाली. पडलेला दात दिसत नाही, पट्टी दिसत नाही, काही नाही.

“ग्रोझ्दान,” काका हळू म्हणाला, “मला तिची मांडी आठवत नाही. आवाज आठवत नाही. हा मी असलो, तर निदान एकदा ती माझ्यामुळे अशी हसली होती. आणि हा तो असला…” मग एकदम चिडला. “आणि तसाही तळाचा खण रिकामा झाला पाहिजे!”

सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो पाच पावलांवर राहत होता. काकाने त्याला रजिस्टर पत्र पाठवलं. फोटोची प्रत, आणि खाली ‘हा तू की मी? योग्य त्यावर खूण करावी’. ते पत्र जिल्ह्याच्या गावी जाऊन, शिक्के खाऊन, सहा दिवसांनी भिंतीपलीकडे पोहोचलं. सात दिवसांनी तसंच उत्तर आलं: ‘हा मी. शिडीचा वरचा तुकडा परत कर.’

“खोटं बोलतोय,” काका म्हणाला.

“कशावरून?”

“शिडीवरून.”

मग त्याने ठरवलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. त्याने प्रोग्राममधून त्या मुलाचा नुसता चेहरा चौकोनात कापून घेतला, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं ‘झाप्रियान की स्तामेन?’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘ओळखणाऱ्याने कृपया कळवावे. मुताफोव’. वीस प्रती काढायला तो शुक्रवारी दुकानात आला. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी दाढ काढायला गेलो होतो. दुकानात रुम्याना होती, माझी बायको.

रुम्यानाचं काम चोख असतं. चेहरा सरळ आहे का, शाई पसरली नाही ना, हे ती बघते. मजकूर वाचत नाही, कारण वाचलं की रडू येतं आणि शाई पसरते. तिने चेहरा पाहिला, खाली मुताफोव पाहिलं, बारीक अक्षरांच्या जागी नेहमीची ओळ टाकली, काळी चौकट, क्रूस, वीस प्रती. काकाला म्हणाली, “तुम्ही कशाला दगदग करता, काका? घरी जा, बसा. लावायचं मी बघते.” काका भारावून गेला. दुकानाची सेवा इतकी सुधारलीय हे त्याला ठाऊक नव्हतं. रुम्यानाने घरी जाता जाता सगळ्या खांबांवर कागद लावले आणि दोन प्रती दोघा भावांच्या फाटकांवर. सख्खे भाऊ, दुःख दोघांचं सारखं, असा तिचा विचार.

शनिवारी सकाळी सुजलेला गाल घेऊन मी बसमधून उतरलो आणि थांब्यावरच माझ्या दुकानाची काळी चौकट दिसली. आत चार वर्षांचं पोर. ‘झाप्रियान की स्तामेन?’ माझ्या उरलेल्या दाढाही दुखायला लागल्या.

मुताफोवांच्या गल्लीत तीसेक माणसं जमली होती. सगळ्यांच्या हातात फुलं, मेलेल्यासाठी आणतात तशी सम संख्येची. कुठल्या फाटकाकडे तोंड करून उभं राहायचं ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळे मधल्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“दोघांतला एक गेलाय, एवढं नक्की,” कुणीतरी म्हणालं.

“मग कोण ते लिहायला काय झालं होतं?”

“घरच्यांनाच माहीत नसेल. मेल्यावर दोघं सारखेच दिसत असतील.”

“आणि फोटो बघा! त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि लावलाय चार वर्षांचा. ही तर हद्द झाली. आमच्या हिने स्वतःच्या कागदासाठी काढून ठेवलेला फोटोसुद्धा पन्नाशीतला तरी आहे.”

सगळ्यात पुढे त्सोनाआजी होती, नव्वदीची, हातात मेलेल्याच्या नावाने घरच्यांना देतात तो उकडलेल्या गव्हांचा वाडगा, वर पिठीसाखर.

डावीकडचं फाटक उघडून झाप्रियान बाहेर आला. गर्दीने सुस्कारा सोडला: म्हणजे स्तामेन. लोक उजवीकडे वळले, तेवढ्यात उजवीकडचं फाटक उघडून स्तामेन बाहेर आला. आता मात्र लोक चिडले.

झाप्रियानला वाटलं, माणसं ओळख पटवायला आलीत. त्याने आनंदाने विचारलं, “बोला, कोण आहे फोटोतला?”

“ते तुम्ही सांगायचं!” त्सोनाआजी कडाडली.

“तो मी आहे!” स्तामेन ओरडला.

“खोटारड्या! मी आहे तो!”

“मी! लेखी कळवलंय मी, रजिस्टरने!”

“तुझा तर कान बाहेर आलेला होता!”

“तुझा होता! माझा नंतर आला!”

सत्तरी उलटलेले दोन धडधाकट म्हातारे शोकाला आलेल्या गावासमोर आपण मेलोय म्हणून भांडत होते, आणि एकही मागे हटायला तयार नव्हता. मी मध्ये पडून चूक सांगायचा प्रयत्न केला, पण गाल सुजलेला, तोंडातून निघालं ते कुणालाच कळलं नाही. एकजण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “धीर धर. फार जवळचे होते का?”

शेवटी त्सोनाआजीने काठी आपटली. “पुरे! माझे गहू गार झाले. कुणाच्या हातात देऊ तेवढं सांगा, मला घरी जायचंय. मेलेला कोण?”

झाप्रियानने फाटकावरच्या कागदाकडे बघितलं. मला वाटतं, चौकट आणि क्रूस त्याने तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. त्याचे खांदे उतरले.

“त्याला द्या,” तो म्हणाला. “फोटोतला तोच आहे. मी त्याचंच नाव लिहितो. माझ्याकडे तसाही पुरावा नाही.”

आणि तो आत निघून गेला. गावाने एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मुताफोवांमधलं एखादं भांडण संपलेलं बघितलं, त्या आनंदात सगळ्यांनी स्तामेनला घेरून त्याच्याच निधनाबद्दल त्याचं सांत्वन केलं, फुलं दिली, गव्हांचा वाडगा दिला. तो जिंकला होता. हातभर फुलं घेऊन तो फाटकाशी कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

मी खांबांवरचे कागद खरवडून काढले आणि माफी मागायला काकाकडे गेलो. तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडद्यावर आई हसत होती. ‘हे कोण?’ ह्या प्रश्नापुढे त्याने ‘स्ता’ एवढंच लिहिलेलं होतं.

दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. स्तामेन वाडगा घेऊन दारात उभा. काकूने त्याच्याकडून वाडगा घेतला आणि खुर्ची सरकवली. तो बसला नाही.

“लिहू नकोस,” तो म्हणाला. “तू आहेस तो.”

झाप्रियान वळलासुद्धा नाही. “आता कशाला? जिंकलास ना?”

“अरे, तिच्याकडे बघ की! ती काय तुझ्याकडे बघतेय? तू तर असा बसलायस, जसा पोलिसाने पकडलाय. फोटोवाल्याकडेही बघत नाहीये. नजर कुठे आहे बघ.”

आम्ही बघितलं. वेलिकाची नजर जरा बाजूला होती, फोटोच्या उजव्या कडेच्या बाहेर.

“तिथे मी होतो,” स्तामेन म्हणाला. “फोटोवाल्याच्या शेजारी. डोक्यावर बादली घालून गाढवासारखा ओरडत होतो. मांडी तुला मिळाली म्हणून रडायला येत होतं, म्हणून ओरडत होतो. ती मलाच हसतेय, झाप्रियान. मांडी तुझी होती. हसू माझं आहे. ते तू एकट्याच्या नावावर लावलंस तर मी काय करू? माझ्याकडे तिचं दुसरं काहीच नाही.”

झाप्रियानने ‘स्ता’ पुसलं. मुलाच्या चेहऱ्यावर लिहिलं, ‘झाप्रियान’. मग तो थांबला, आणि चौतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करायला त्याने माउस हातात घेतला. फोटोच्या उजव्या कडेला जिथे नुसती भिंत होती आणि थोडी सावली, तिथे त्याने स्वतः एक चौकोन काढला. दोनदा काढावा लागला.

“दादा,” त्याने विचारलं, “इथेच होतास ना? की अजून थोडं बाजूला?”

“जरासं वर घे,” स्तामेन म्हणाला. “बादली होती डोक्यावर.”

झाप्रियानने चौकोन वर सरकवला आणि त्यात ‘स्तामेन’ लिहिलं. प्रोग्रामने विचारलं: इथे चेहरा आढळत नाही. तरीही नाव ठेवायचं का?

त्याने ‘हो’ दाबलं.